औषध लिहून दिलं, पण ते मुलाच्या पोटात जायचं कसं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या मोठ्या आजारांबद्दल पेपरात अधूनमधून येत असतं, नवीन औषध आलं, अवघड ऑपरेशन यशस्वी झालं, अमुक आजार आता बरा होऊ शकतो वगैरे, आणि ते वाचून बरं वाटतंच. पण त्यातला एक भाग कुणी फारसा लिहीत नाही म्हणून हे पत्र. डिस्चार्ज मिळून मूल घरी गेलं की पुढचे कित्येक महिने, कधी कधी काही वर्षं, सगळा उपचार आई-बाबांच्या हातात येतो, आणि समोर असतं तीन वर्षांचं पोर, तोंड घट्ट मिटून बसलेलं. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे हे जवळून बघितलंय. आपण पालकांना "एकही डोस चुकवायचा नाही हं" असं अगदी बजावून सांगतो आणि पिशवीभर औषधं हातात देऊन घरी पाठवतो, पण ते औषध त्या मुलाच्या पोटात घालायचं कसं हे कुणी बसून शिकवत नाही. ते शिकवणं हा उपचाराचाच भाग धरला पाहिजे, एवढंच मला सांगायचंय.

डोस चुकण्याने खरंच एवढा फरक पडतो का, असं काहींना वाटतं. पडतो. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरचं, म्हणजे ज्याला एएलएल म्हणतात त्याचं उदाहरण घ्या. सुरुवातीचे जड उपचार झाले की मेंटेनन्स, म्हणजे आजार परत उलटू नये म्हणून बराच काळ चालणारा उपचार, सुरू होतं, त्यात मर्कॅप्टोप्युरीनची गोळी रोज घरी घ्यायची असते, आणि सगळा उपचार मिळून दोन-तीन वर्षं तरी चालतो. अमेरिकेत अशा मुलांच्या औषधाच्या बाटल्यांच्या झाकणात चिप बसवून बाटली रोज उघडली जाते का हे बघितलं गेलं. २०१५ साली आलेला त्याचा निष्कर्ष असा की ज्यांनी ९५ टक्क्यांपेक्षा कमी डोस घेतले त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका २.७ पट होता. ९५ टक्के ऐकायला पुष्कळ वाटतं, पण हिशोब करा, महिन्यात दोन गोळ्या राहिल्या की तुम्ही त्याच्या खाली गेलात. इतकी बारीक रेष आहे ती. मिरगीत डोस चुकला की फिट येऊ शकते, ट्रान्सप्लांट झालेल्या मुलाचं औषध वेळेवर गेलं नाही तर शरीर तो नवीन अवयव नाकारायला लागू शकतं, टीबीचं औषध अर्धवट सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, आणि स्टिरॉइड बरेच दिवस चालू असताना अचानक बंद झालं तर ते जिवावर बेतू शकतं.

आता हे सगळं माहीत असलेले पालकसुद्धा चुकतात, आणि मला त्यांच्याबद्दलच बोलायचंय. त्यांचं प्रेम कमी आहे म्हणून ते चुकत नाहीत. आधीच झोप नाही, नोकरीतल्या सुट्ट्या संपलेल्या, घरात दुसरं लहान भावंड, आणि दिवसातून तीनदा-चारदा त्या पोराशी झटापट. काही मुलं औषध बघितलं की ओकतात. काही गालात धरून ठेवतात आणि दहा मिनिटांनी हळूच थुंकून देतात. काही इतकी रडतात की रडता रडताच सगळं बाहेर येतं, आणि मग आईला कळतच नाही की आता किती पोटात गेलं आणि किती बाहेर पडलं, परत द्यायचं की नाही द्यायचं, आणि रात्री अकरा वाजता हे विचारायचं कुणाला?

याबद्दल एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. नव्याने मिरगीचं निदान झालेल्या २ ते १२ वर्षांच्या मुलांवरचा, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला. पहिल्या सहा महिन्यांत ५८ टक्के मुलांचे डोस या ना त्या प्रमाणात चुकत होते, आणि घराघरातलं हे वळण बहुतेक पहिल्याच महिन्यात पक्कं झालेलं होतं. म्हणजे मदत करायची तर ती पहिल्या महिन्यात करायला हवी, सहा महिन्यांनी फाईल बघून रागवून उपयोग नाही. त्याच अभ्यासात कुणाचे डोस जास्त चुकतील हे सांगणारी एकच गोष्ट सापडली, ती म्हणजे घरची आर्थिक-सामाजिक परिस्थिती. ज्यांच्याकडे वेळ, पैसा, माणसांचं बळ कमी त्यांचे डोस जास्त चुकतात. मग अशा घराला निष्काळजी म्हणणं हा सरळसरळ अन्याय आहे असं मला वाटतं.

आणि रागवण्याचा अजून एक तोटा आहे, लोक खरं सांगायचे बंद होतात. त्या चिपवाल्या बाटल्यांच्या कामात हेही दिसलं की घरच्यांनी तोंडी सांगितलेले डोस आणि बाटलीने नोंदवलेले डोस जुळत नव्हते, सांगितलेले जास्त होते. माणूस घाबरला की असंच सांगणार ना. त्यात धोका असा की डॉक्टरांना वाटतं औषध पूर्ण जातंय तरी रिपोर्ट सुधारत नाहीये, म्हणून ते डोस वाढवतात किंवा औषधच बदलतात. म्हणून डॉक्टर आणि सिस्टर लोकांना माझी विनंती आहे की "सगळे डोस दिले ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "हो" हेच येणार. "बऱ्याच घरी एखाददुसरा डोस राहतो, या आठवड्यात तुमच्याकडे कधी राहिला, आणि कशामुळे?" असं विचारा. मी हे करून बघितलंय, समोरच्या आईचा चेहराच बदलतो आणि ती बोलायला लागते. एकदा कारण कळलं की अर्धं काम झालं, कारण चव हे कारण असेल तर उपाय वेगळा, विसरणं असेल तर वेगळा, आणि घरात दोघांपैकी एकाचा औषधावर विश्वासच नसेल तर तो अजून वेगळा.

चवीचं आधी बोलू कारण सगळ्यात जास्त भांडण तिथेच होतं. लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा जास्त जाणवते, हे नखरे नाहीत, त्यांची जीभच तशी असते. स्टिरॉइडची गोळी ठेचून पाण्यात कालवली तर ती किती कडू लागते हे प्रत्येक मोठ्या माणसाने एकदा कल्पनेत तरी आणून बघावं. थंड केलं की चव कमी लागते, म्हणून औषध फ्रिजमध्ये ठेवलेलं चालत असेल तर गार करून द्यावं, नाहीतर आधी दोन घोट थंडगार पाणी द्यावं म्हणजे जीभ जरा बधिर होते. बिनसुईच्या सिरिंजने देताना जिभेच्या मधोमध सोडू नये, गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडावं, मूल बसलेलं किंवा डोकं वर असलेलं पाहिजे, आणि प्रत्येक वेळी गिळायला वेळ द्यावा. नाक दाबून, आडवं पाडून, रडत असताना घशात ओतणं हे अजिबात करू नका, औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच पोर सिरिंज बघून पळत सुटणार ते वेगळंच.

खाण्यात मिसळून द्यायचं असेल तर आधी विचारा की हे औषध मिसळलेलं चालतं का. चालत असेल तर एक-दोन चमच्यांतच मिसळा. अख्ख्या दुधाच्या बाटलीत टाकलं आणि बाळाने अर्धंच दूध प्यायलं तर डोस किती गेला हे देवालाच माहीत. आणि रोजच्या आवडीच्या पदार्थात लपवून देऊ नका, एकदा का त्याला कळलं की मग ते औषधही घेत नाही आणि तो पदार्थही सोडून देतं, आजारी मुलाचं खाणं आधीच कमी असतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर नकोच, औषधाबरोबरही नको. माप घ्यायला घरातला चमचा वापरू नका, चमचे लहानमोठे असतात, मिलीलिटरच्या खुणा असलेली सिरिंजच वापरा आणि किती खुणेपर्यंत भरायचं ते दवाखान्यातच पेनने सिरिंजवर रेष मारून घ्या. गोळ्या मनाने ठेचू नका हेही सांगते, काही गोळ्यांवर खास आवरण असतं, काही हळूहळू विरघळाव्यात अशाच बनवलेल्या असतात, त्या ठेचल्या की औषधाचं सगळं गणित बिघडतं, आणि कॅन्सरच्या गोळ्यांची पूड तर देणाऱ्याच्याही अंगाला जायला नको.

इथे एक दिलासा देणारी गोष्ट. मर्कॅप्टोप्युरीन रात्रीच द्या, उपाशीपोटी द्या, दुधाबरोबर देऊ नका असे नियम वर्षानुवर्षं सांगितले जायचे आणि ते पाळता पाळता घरं मेटाकुटीला यायची, मूल झोपलं की त्याला उठवायचं आणि मग रडारड. २०१७ साली आलेल्या अभ्यासात दिसलं की गोळी सकाळी घेतली की रात्री, जेवणाबरोबर घेतली की तशीच, दुधाबरोबर घेतली की नाही, याचा आजार उलटण्याशी संबंध नव्हता. ती रोज घेतली जाणं महत्त्वाचं. हे वाचून कुणी आपल्या मनाने वेळ बदलू नका, प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, ट्रान्सप्लांटच्या औषधांना तर दर बारा तासांचं घड्याळ लागतं, पण डॉक्टरांना एवढं नक्की विचारा की "यातला कुठला नियम खरंच पाळायलाच हवा आणि कुठे थोडी सूट आहे?" ज्या नियमाची गरज नाही तो काढून टाकला तर त्या घरावर केवढे उपकार होतील.

गोळी गिळायला शिकवता येते हे तर कितीतरी पालकांना माहीतच नसतं. चार-पाच वर्षांचं मूल सुद्धा शिकतं, शांतपणे आणि आजारपणाची घाई नसताना सराव घेतला तर. केकवर टाकतात तसल्या बारीक दाण्यापासून सुरुवात करायची, ते जमलं की थोडं मोठं, मग अजून थोडं मोठं, रोज पाच मिनिटं, मूल सरळ बसलेलं, मोठं माणूस समोर, आणि जमलं नाही तर मागच्या लहान मापावर परत यायचं म्हणजे शेवट जमलेल्या गोष्टीवर होतो. एकदा गोळी गिळता आली की कडू पातळ औषधाचा जाच संपतो. जी मुलं दोन-तीन वर्षं औषध घेणार आहेत त्यांना हे पहिल्याच ॲडमिशनमध्ये का शिकवत नाहीत हा माझा जुना प्रश्न आहे.

मुलाशी कसं बोलायचं याबद्दलही लिहायलाच हवं. "औषध घेतोस का राजा?" असं विचारलं तर ते "नाही" म्हणणार आणि मग आपण जबरदस्ती करणार, म्हणजे आपण विचारलं ते खोटंच होतं हे त्याला कळतं. औषध घ्यायचं की नाही हे त्याच्या हातात नाही, पण कुठल्या कपातून, कुणाच्या मांडीवर, आधी पाणी की नंतर, सिरिंजचा दट्ट्या कुणी दाबायचा, हे त्याला ठरवू द्या. ज्या मुलाच्या अंगावर दिवसभर कोणी ना कोणी काहीतरी करत असतं त्याच्यासाठी एवढी सत्ता सुद्धा मोठी असते. बाहुलीला औषध पाजायचा खेळ खेळा, दोन वर्षांचं मूलही त्यातून सांगतं की त्याला कशाची भीती वाटते. कडू असेल तर कडू आहे म्हणून सांगा, गोड आहे म्हणू नका. खाऊ आहे असं तर कधीच म्हणू नका, उद्या ते कपाटातून बाटली काढून स्वतःच पिईल, आणि ही औषधं जास्त झाली तर जीव घेणारी आहेत. "नाही घेतलंस तर इंजेक्शन देतील" ही धमकी सगळ्या घरांत ऐकू येते, ती बंद करा हो. त्या मुलाला खरंच इंजेक्शन घ्यावी लागणार असतात, त्याला ती शिक्षा वाटायला लागली तर दवाखान्याचं प्रत्येक पाऊल जड होतं.

बक्षीस द्यायला हरकत नाही, कॅलेंडरवर स्टिकर लावणं पुरतं, पण ते लगेच द्यावं, महिन्याच्या शेवटचं मोठं खेळणं तीन वर्षांच्या मुलाला समजत नाही. आणि स्टिकर औषध घेतल्याबद्दल द्यावं, न रडता घेतल्याबद्दल नाही, रडणं हा त्याचा हक्क आहे. स्टिरॉइड चालू असलेली मुलं अचानक चिडचिडी होतात, सारखी भूक भूक करतात, रात्री झोपत नाहीत, तेव्हा आईला वाटतं आपलंच मूल बिघडलं, तिला आधीच सांगून ठेवलं पाहिजे की हे औषधाने होतंय.

मूल बरं दिसायला लागलं की औषध सुटतं हाही एक मोठा प्रकार आहे. खेळतंय, खातंय, मग कशाला त्याला रोज रडवायचं असं वाटणं मी समजू शकते. पण काही औषधं मूल ठणठणीत दिसत असतानाच काम करत असतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या लहान मुलांना रोज दोनदा पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकोकस नावाच्या जंतूचं गंभीर इन्फेक्शन ८४ टक्क्यांनी कमी झालं हे १९८६ सालीच सिद्ध झालंय, आणि ती मुलं औषध घेतात तेव्हा त्यांना ते इन्फेक्शन झालेलं नसतं. जे टळलं ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पालकांना ते समजावून सांगणारं कुणीतरी लागतं, आणि एकदा सांगून भागत नाही. आजी-आजोबा, काका, पाळणाघरातल्या बाई, जो कुणी डोस देणार आहे त्या सगळ्यांना सांगावं लागतं. घरात एकच वही ठेवा, ज्याने दिलं त्याने वेळ लिहून सही करायची, म्हणजे बाबांना वाटलं आईने दिलं आणि आईला वाटलं बाबांनी, किंवा दोघांनीही दिलं, असं होत नाही. औषध दात घासण्याला किंवा रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडून टाका, मोबाईलचा अलार्म लावा, आणि बाटली संपायच्या आठवडाभर आधी नवीन आणायची आठवण त्याच मोबाईलमध्ये टाका, कारण औषध संपलं म्हणून राहिलेले डोसही कमी नसतात.

उलटी झाली तर काय, डोस राहिला तर काय, हे दोन प्रश्न घरी जायच्या आधी प्रत्येक औषधासाठी वेगवेगळे विचारून कागदावर लिहून घ्या. उलटी औषधानंतर किती वेळात झाली यावर परत द्यायचं की नाही ते ठरतं, आणि ते सगळ्या औषधांना सारखं नसतं. राहिलेला डोस भरून काढायला पुढच्या वेळी दुप्पट मात्र देऊ नका. आणि कितीही प्रयत्न करून मूल औषध घेतच नसेल तर तेही सांगा, दुसऱ्या रूपात औषध असू शकतं, दिवसातून तीनदाचं दोनदावर येऊ शकतं, फारच गरज पडली तर नळीने काही काळ देता येतं. यात हरल्यासारखं वाटून घेऊ नका.

औषध बनवणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे, सगळं ओझं आईच्या हातावर टाकून चालणार नाही. टीबीच्या मुलांसाठी योग्य मापाची, पाण्यात विरघळणारी, फळाच्या चवीची, दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी यायला २०१५ साल उजाडलं, तोवर घरोघरी मोठ्यांच्या गोळ्या तोडून, ठेचून अंदाजाने दिल्या जायच्या. एचआयव्ही असलेल्या बाळांना जे सिरप दिलं जायचं त्यात ४२ टक्के अल्कोहोल होतं आणि ते भयंकर कडू होतं, आता त्याच्या जागी पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची डोल्युटेग्राविरची गोळी मिळते. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये तर सहा महिन्यांच्या बाळांपासून पुढे दोन मिलीमीटरच्या इवल्याशा गोळ्या देऊन बघितल्या आणि त्या सिरपपेक्षा चांगल्या घेतल्या गेल्या. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आवश्यक औषधांची वेगळी यादी पहिल्यांदा काढली ती २००७ साली, इतक्या उशिरा, आणि अजूनही कितीतरी महत्त्वाची औषधं फक्त मोठ्यांच्याच मापात मिळतात.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. गंभीर आजाराचं मूल घरी सोडायच्या आधी आई किंवा बाबांनी, जे कुणी देणार आहेत त्यांनी, सिस्टरसमोर निदान एक डोस स्वतःच्या हाताने देऊन दाखवावा, आणि त्यात जे अडेल ते तिथेच सोडवावं. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एक फोन दवाखान्याकडून जावा, पालकांनी करायची वाट बघू नये. आणि रात्री-बेरात्री विचारता येईल असा एक नंबर औषधाच्या पिशवीवरच लिहिलेला असावा. यासाठी मोठं मशीन लागत नाही, एक माणूस आणि अर्धा तास लागतो. तुमच्या वाचकांत दवाखाने चालवणारे लोक असतील, त्यांनी एका वॉर्डात तरी हे सुरू करून बघावं, आणि ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी पुढच्या तपासणीला जाताना अडचणींचा कागद बरोबर घेऊन जावा आणि तो वाचून झाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.

आपली,
लहान मुलांच्या वॉर्डात काम केलेली एक नर्स